शपथ कोणाची, वारसा कोणाचा?



राजे-राण्या, लोखंडी सिंहासन आणि आग ओकणारे ड्रॅगन असल्या परदेशी मालिकेवर आपल्या साप्ताहिकात लिहावे काय, असा प्रश्न काही ज्येष्ठ उपासकांनी आम्हांस केला. लिहावे, असे आमचे मत आहे. आपली कॉलेजात जाणारी मुले-मुली ‘गेम ऑफ थ्रोन्स’ ही मालिका मोबाईलवर रात्र रात्र पाहतात, तिच्यातल्या पात्रांवरून एकमेकांशी वाद घालतात, आणि त्या वादाचा विषय काय आहे याचा घरातल्या वडीलधाऱ्यांना पत्ताही नसतो. विषय मात्र आपल्या चांगल्या ओळखीचा आहे. जन्माने माणूस ठरतो की कर्माने? दिलेला शब्द कोणासाठी पाळायचा? बापाचे कोणाला मिळायचे? आपल्या तीन-चार पिढ्या याच प्रश्नांवर झगडल्या आहेत.

आधी एक सूचना. मालिकेत रक्तपात फार आहे आणि उघडीवाघडी दृश्येही आहेत. लहान मुलांसमोर लावण्याजोगी ती मुळीच नाही. दुसरे असे की आम्ही शेवटासकट सर्व सांगणार आहोत. पुढे पाहण्याचा विचार असेल त्यांनी येथेच थांबावे.

जॉर्ज आर. आर. मार्टिन या अमेरिकन लेखकाच्या कादंबऱ्यांवर ही मालिका बेतलेली आहे. पहिली कादंबरी १९९६ साली आली. एचबीओ वाहिनीने २०११ ते २०१९ या काळात मालिकेचे ७३ भाग दाखवले. ‘हाऊस ऑफ द ड्रॅगन’ ही तिच्या आधीच्या काळातील कथा २०२२ पासून सुरू झाली. वेस्टेरॉस नावाचा खंड लेखकाने मनानेच उभा केला, पण तो असा तपशिलाने उभा केला की पाहणाऱ्यास खरा वाटावा. प्रत्येक घराण्याची निशाणी वेगळी, ब्रीद वेगळे, प्रांताप्रांताचे देव वेगळे. मालिकेसाठी डेव्हिड पीटरसन या भाषातज्ज्ञाकडून व्याकरणासह नव्या भाषा घडवून घेतल्या. आरंभीच्या नामावलीत जो नकाशा उलगडतो, तोही त्या त्या भागातील स्थळांप्रमाणे बदलत जातो.

आम्हांला मात्र या जगातील एका लहानशा तपशिलाने खिळवून ठेवले. तो म्हणजे आडनाव. उमरावाला लग्नाबाहेर झालेल्या मुलास तेथे बापाचे आडनाव मिळत नाही. त्यास प्रांताचे ठरलेले आडनाव लागते. उत्तरेत ‘स्नो’ म्हणजे बर्फ, दक्षिणेच्या डॉर्न प्रांतात ‘सँड’ म्हणजे वाळू, नद्यांच्या मुलखात ‘रिव्हर्स’, डोंगराळ भागात ‘स्टोन’. नाव सांगितले की समोरच्यास पुढचा प्रश्न विचारावाच लागत नाही. कोणत्या पंगतीत बसवायचे आणि कोणत्या दाराने आत घ्यायचे, हे आडनावावरूनच ठरून जाते. आपल्यापैकी ज्यांनी शहरात भाड्याने खोली शोधली आहे, त्यांस हा तपशील अधिक समजावून सांगण्याची गरज नाही.

असाच एक बर्फ-आडनावाचा मुलगा म्हणजे जॉन स्नो. नेड स्टार्क या उत्तरेच्या उमरावाच्या वाड्यात तो वाढतो, पण त्याच्या वाट्याला काही येणार नसते. म्हणून तो ‘नाइट्स वॉच’ या रात्रपहाऱ्याच्या दलात जातो. उत्तर सीमेवर ३०० मैल लांब आणि ७०० फूट उंच अशी बर्फाची भिंत आहे. तिच्या रक्षणासाठी हे दल. त्यात चोर, शिक्षा झालेले कैदी, अनौरस मुले आणि वाटणी न मिळालेले धाकटे भाऊ असतात. बायको करणार नाही, जमीन धरणार नाही, मुलेबाळे होऊ देणार नाही, मरेपर्यंत जागा सोडणार नाही, अशी त्यांची शपथ असते. शपथ घेतली की मागचा गुन्हा पुसला जातो, काळा अंगरखा सर्वांचा सारखा.

हे पाहताना आम्हांला भिक्खू संघाची आठवण झाली. तथागतांनी शाक्य राजकुमारांच्या आधी उपाली न्हाव्यास दीक्षा दिली आणि मग राजकुमारांना त्यास वंदन करावयास लावले. समुद्रास मिळालेल्या नद्यांना आपले नाव उरत नाही, हा दृष्टांत आपल्या मुलांना पाठ असतो. परंतु भिंतीवरच्या दलात नद्यांची नावे पुरती पुसली जात नाहीत. पहिल्याच प्रसंगात एक तरुण उमरावपुत्र केवळ घराण्याच्या जोरावर अनुभवी पहारेकऱ्यांचा म्होरक्या होऊन जंगलात शिरतो, त्यांचे सांगणे ऐकत नाही आणि प्राणास मुकतो. त्यातला वाचलेला शिपाई पळून येतो. शपथ मोडल्याबद्दल नेड स्टार्क स्वतःच्या हाताने त्याचा शिरच्छेद करतो. मरण्यापूर्वी तो सांगतो की हजारो वर्षांपूर्वी गेलेले बर्फाचे शत्रू परत आले आहेत. त्याची बातमी शंभर टक्के खरी असते. पण शपथ मोडणाऱ्या हलक्या माणसाची बातमी कोण ऐकतो? पुढे सारा देश त्याची किंमत मोजतो.

तरीही या दलाचे एक वैशिष्ट्य सांगितलेच पाहिजे. त्या राज्यात जन्मावर न चालणारी एक गादी आहे, ती म्हणजे या दलाच्या सेनापतीची. तो मतदानाने निवडतात. पाचव्या पर्वात जॉन स्नो उभा राहतो, मते समसमान पडतात आणि एमॉन नावाचे अंध वृद्ध गुरुजी आपले निर्णायक मत त्यास देतात. हे गुरुजी स्वतः राजपुत्र. शपथेसाठी त्यांनी सिंहासन नाकारलेले. त्याच सुमारास एक राजा जॉनला लालूच दाखवतो की माझ्यापुढे गुडघे टेक, मी तुला बापाचे आडनाव देतो आणि वाडाही देतो. जन्मभर ज्या आडनावासाठी जीव तुटला, ते हातात येत असताना जॉन नाही म्हणतो, कारण शब्द दिलेला असतो. ज्याला वारशात काही नव्हते, त्याने घेतलेली शपथ त्याची स्वतःची होती. पुढे त्याचेच सोबती त्याला भोसकतात. तो मरतो, जादूने परत उठतो आणि अंगरखा काढून ठेवतो. शपथ मरेपर्यंतची होती आणि मरून झाले होते! कायद्याचा एवढा काटेकोर अर्थ एखाद्या मुरलेल्या वकिलालाही सुचला नसता.

दुसरी शपथ जेमी लॅनिस्टरची. हा राजाचा अंगरक्षक. राजा वेडा होतो आणि शत्रू वेशीवर येताच साऱ्या शहरास आग लावण्याचा हुकूम सोडतो. लाखो माणसे जळणार असतात. जेमी राजाला ठार करतो आणि शहर वाचते. आयुष्यभर लोक त्याला ‘राजघातकी’ म्हणून हिणवतात. राजाची आज्ञा पाळ, बापाचे ऐक, निरपराधांचे रक्षण कर, दुर्बळास जप, अशा शपथा एकाच तोंडाने घ्यायला लावल्या, मग त्या एकमेकींवर उलटल्या की माणसाने काय करावे, असा त्याचा प्रश्न आहे. (पुढे-मागे याच जेमीने लहान मुलास खिडकीतून ढकलले आहे, तेव्हा त्याला कोणी साधू समजू नये.)

येथे आमच्या पिढीस महाभारत आठवल्याशिवाय राहणार नाही. १९८८ ते १९९० या काळात दर रविवारी सकाळी दूरदर्शनपुढे देश बसत असे, आपल्या वस्त्याही बसत. भीष्माची प्रतिज्ञा तेव्हा केवढ्या गौरवाने दाखवली! ती प्रतिज्ञा मुळात वारशाची होती. आपल्या नातवालाच गादी मिळावी म्हणून सत्यवतीच्या बापाने अट घातली आणि देवव्रताने राज्य व संसार दोन्ही सोडले. मग तोच भीष्म भरसभेत एका स्त्रीची विटंबना होत असताना बसून राहिला. धर्माची गती सूक्ष्म आहे, असे त्याचे उत्तर. जेमीने शपथ मोडली आणि शहर वाचवले, भीष्माने पाळली आणि मान खाली घातली. दोघांत थोर कोण, हा प्रश्न आम्ही विहारातल्या मुलांपुढे टाकला तेव्हा पाऊण तास गदारोळ माजला होता. शपथ देणारा कोण आणि तिचा लाभ कोणाला, हे विचारले की गदारोळ कमी होतो.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात परमपूज्य बाबासाहेबांनी २२ प्रतिज्ञा दिल्या, त्या या कसोटीवर घासून पाहाव्यात. आधी त्यांनी स्वतः पूज्य भदन्त चंद्रमणी महास्थविर यांच्याकडून दीक्षा घेतली आणि मग लाखो लोकांना दिली. त्या प्रतिज्ञांत कोणा राजाशी निष्ठा नाही, कोणा घराण्याची चाकरी नाही. आणि घेणारे कोण? ज्यांच्या वारशात महारकी वतन होते ते. वतन हा शब्द ऐकायला भारदस्त. प्रत्यक्षात पिढीजात वेठ. बापानंतर मुलाने सांगावा न्यायचा, मेलेली गुरे ओढायची. असा वारसा नको म्हणून बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात विधेयक मांडले. कनिष्ठ वतने रद्द करणारा कायदा मात्र १९५८ साली, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर झाला. वारसा नाकारण्यासाठीही कायदा लागतो, हे वेस्टेरॉसच्या लेखकास सुचलेले दिसत नाही.

आता आमची मोठी तक्रार. हाच जॉन स्नो सहाव्या पर्वाअखेर अनौरस म्हणून ओळखला जात असतानाच उत्तरेचा राजा निवडला जातो. त्याची बाजू दरबारात सर्वांआधी मांडते एक लहानशी मुलगी, लियाना मॉर्मंट. आमचे डोळे भरून आले. आणि पुढच्या पर्वात मालिका आपल्याला सांगते की तो अनौरस नव्हताच! गुप्त विवाहातून झालेला अस्सल राजपुत्र तो! म्हणजे शौर्य, सचोटी, माणसे जोडण्याची कला, सारे अखेर रक्तातूनच आले काय? कर्णाच्या गोष्टीतही हीच मखलाशी आहे. सूतपुत्र एवढा पराक्रमी कसा, तर तो मुळात क्षत्रियच. गुणाला जन्माचा दाखला जोडल्याशिवाय या कथाकारांना झोप येत नाही. आमची मुले या गौप्यस्फोटावर टाळ्या वाजवतात, तेव्हा आम्हांला वाईट वाटते. त्यांच्याशी यावर बोलले पाहिजे.

त्यातली एक मौज सांगतो. ज्या रोजनिशीत त्या विवाहाचा धागा सापडतो ती वाचत असते गिली, नुकतीच अक्षरे शिकलेली भिंतीपलीकडची मुलगी. तिचा सुशिक्षित जोडीदार सॅम तिचे बोलणे मध्येच तोडतो आणि पुढे तीच माहिती आपण उतरवून काढली म्हणून सांगतो. कचेऱ्यांतून आणि, खरे बोलायचे तर, आपल्या मंडळांतूनही बायकांच्या कामाचे असेच होते.

आम्ही कारकुनी पेशातले, तेव्हा कागदांकडे नजर जातेच. पहिल्या पर्वात राजा रॉबर्ट मृत्युशय्येवर आहे. खोलीतल्या सर्वांना बाहेर पाठवून तो नेड स्टार्ककडून मृत्युपत्र लिहून घेतो. राजा सांगतो ‘माझा मुलगा जॉफ्री’. नेडला ठाऊक असते की जॉफ्री राजाचा मुलगा नाही, म्हणून तो ‘माझा हक्काचा वारस’ असे लिहितो. पुढे राणी सर्सी भर दरबारात तो कागद टराटरा फाडते आणि खेळ खलास. साक्षीदार नाही, दुसरी प्रत नाही, नोंद नाही! आपल्याकडे १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्यान्वये मृत्युपत्रास किमान दोन साक्षीदार लागतात. एवढी प्रामाणिक व्यक्ती केवळ कागद धड न केल्यामुळे जिवानिशी गेली, असे आमचे कारकुनी मत आहे. घरच्या म्हाताऱ्या माणसांचे कागद वेळीच करून घ्यावेत.

‘हाऊस ऑफ द ड्रॅगन’चा तर कणाच मुलीचा वारसा हा आहे. राजा व्हिसेरिसला मुलगा नाही, म्हणून तो थोरली मुलगी रिनेरा हिला वारस ठरवतो. सारे उमराव तिच्यापुढे गुडघे टेकून शपथ घेतात. पुढे राजा दुसरे लग्न करतो, त्या राणीस मुलगा होतो आणि राजा मरताच मंत्रिमंडळ गुपचूप मुलाला गादीवर बसवते. शपथेची आठवण करून देणारा म्हातारा खजिनदार तेथेच, बैठकीच्या टेबलावर मारला जातो. रिनेराचा मुलगा एका उमरावाकडे जाऊन तुमच्या वडिलांनी शपथ घेतली होती असे सांगतो, तेव्हा उमराव विचारतो की माझ्यासाठी काय आणलेस? समोरच्या पक्षाने त्याच्या मुलीशी सोयरीक देऊ केलेली असते.

ही निव्वळ कल्पना नव्हे. इंग्लंडचा राजा पहिला हेन्री याचा एकुलता औरस मुलगा ११२० साली समुद्रात बुडाला. राजाने ११२७ साली मुलगी मटिल्डा हिच्यासाठी सरदारांकडून शपथ घेतली. ११३५ मध्ये तो वारला आणि भाचा स्टीफनने गादी बळकावली. शपथ घेणाऱ्यांत हा स्टीफन आघाडीवर होता. पुढची १८ वर्षे यादवी चालली. मटिल्डाचा राज्याभिषेक कधी झालाच नाही. ११५४ साली तिचा मुलगा राजा झाला. मार्टिन यांनी याच इतिहासाचा आधार घेतला आहे.

रिनेरावर अन्याय झाला, असे आपल्या घरातले पुरुषही तावातावाने म्हणतात. त्यांना आमचा एक प्रश्न आहे. तुमच्या बहिणीचे नाव सातबाऱ्यावर आहे काय? बाबासाहेबांनी हिंदू कोड बिलासाठी जिवाचे रान केले, आणि ते बारगळले तेव्हा सप्टेंबर १९५१ मध्ये मंत्रिपद सोडले. १९५६ च्या जूनमध्ये हिंदू वारसा कायदा झाला. तो बौद्धांनाही लागू आहे. महाराष्ट्राने १९९४ मध्ये, आणि संसदेने २००५ मध्ये वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतका जन्मसिद्ध हक्क दिला. बाप २००५ पूर्वी वारला असला तरी हा हक्क बुडत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितले. आणि आपल्या वस्तीत काय चालते? कागद वाचून दाखवा म्हणून लोक आमच्याकडे येतात. त्यांत हक्कसोडपत्र नेहमीचे. साडीचोळी केली, जेवण घातले आणि बहिणीची सही घेतली. सही करताना ती विचारत नाही आणि भाऊ सांगत नाही. ‘हिस्सा मागितला तर माहेर तुटेल’ एवढे एक वाक्य पुरते. जयंतीच्या व्यासपीठावर हिंदू कोड बिलावर अर्धा तास बोलणाऱ्या कार्यकर्त्याच्या घरीही आम्ही हे पाहिले आहे. ड्रॅगन नसले तरी चालते, एक शाईचा पॅड पुरतो.

याच मालिकेच्या दुसऱ्या पर्वात ड्रॅगनवर बसायला माणसे कमी पडतात. शुद्ध राजरक्तालाच ड्रॅगन वश होतो, असे पिढ्यान्‌पिढ्या सांगितलेले. नाइलाज झाल्यावर राणी उमरावांनी बाहेर जन्माला घातलेल्या गरिबांना बोलावते. त्यांतले पुष्कळ जळून मरतात, पण एक लोहार आणि एक दारूच्या गुत्त्यातला बडबड्या चक्क ड्रॅगनवर स्वार होतात. राणीचा मुलगा संतापतो. कोणीही चढू शकला तर मग आपले वेगळेपण काय राहिले? राखीव जागांवरून गुणवत्तेचे गळे काढणाऱ्यांचा चेहरा आम्हांला त्याच्यात दिसला.

राहता राहिली डॅनेरिस आणि तिचे ‘अनसलीड’ सैनिक. लहानपणीच खच्ची करून बाजारात विकलेले हे गुलाम. आपण कीटक आहोत याची आठवण राहावी म्हणून त्यांना घाणेरडी नावे दिलेली. शूद्राचे नाव तिरस्कारदर्शक असावे असे सांगणारी मनुस्मृती २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला जाळली गेली, हे वाचकांस सांगावयास नको. धर्मांतरानंतर आपल्या घरांत सिद्धार्थ, राहुल, सुजाता, मिलिंद आले ते उगीच नव्हे. डॅनेरिस या सैनिकांना मुक्त करते आणि हवे ते नाव घ्या म्हणते. त्यांचा नायक मात्र ‘ग्रे वर्म’, म्हणजे करडी अळी, हेच नाव ठेवतो. ज्या दिवशी मुक्त झालो त्या दिवशी हे नाव होते, म्हणून हे शुभ, असे त्याचे म्हणणे. आम्ही या उत्तरावर बरेच दिवस विचार केला. जुने आडनाव न बदलता त्यापुढे ताठ मानेने जयभीम म्हणणारे आपले कित्येक लोक आहेत. त्यांचेही काहीसे असेच असावे.

पण गुलामांना मुक्त करणारी ही राणी स्वतःचा हक्क सांगते तो मात्र बापाच्या गादीचा. हा विरोधाभास तिला कधी उमगत नाही आणि शेवटी तीच राजधानी जाळते.

शेवटच्या भागात नवा राजा ठरवायला उमरावांची बैठक भरते. गिलीचा तो सॅम उठून म्हणतो की राजा सर्वांवर राज्य करणार, तर सर्वांनाच निवडू द्यावा. उमराव पोट धरून हसतात. मग घोड्याकुत्र्यांनाही मत द्या म्हणतात. लिहिणाऱ्यांनी हा विनोद म्हणून घातला. आम्हांला हसू आले नाही. १९२८ साली सायमन कमिशनपुढे बाबासाहेबांनी प्रौढ मतदानाचा हक्क मागितला, तेव्हा अडाण्यांना मत कशाला म्हणणारे थोडे नव्हते. सॅम ओशाळून खाली बसतो. मुलाला गादी मिळणार नाही, यापुढे राजा उमराव निवडतील, एवढ्यावर सुधारणा थांबते. उत्तर प्रांत स्वतंत्र होतो आणि तेथे नेडची मुलगी सान्सा राणी होते, एवढे समाधान.

आणि ग्रे वर्म? त्या बैठकीत सारे खुर्च्यांवर बसलेले असतात, तो उभा असतो. राजा कोण ते ठरवा, असे तोच त्यांना सांगतो. त्याचे मत कोणी विचारत नाही. निवड झाल्यावर तो आपले सैनिक जहाजांवर चढवतो आणि नाथ नावाच्या दूरच्या बेटाकडे निघून जातो.